घरी अभ्यास घेताना आधी पुस्तक मिटा

आमच्या ठाण्यातल्या खारेगावचं रेल्वे फाटक बंद होऊन वर पूल झाला, तरी पत्ता सांगताना सगळे ‘फाटकाजवळ’च म्हणतात. तिथेच मी राहते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, आता संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये सतरंजी पसरते आणि तिसरी ते सातवीची नऊ मुलं येऊन बसतात. मुलांना सोडायला आलेल्या आया दारातच थांबतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : “बाई, रोज दोन तास घेऊन बसते हो मी. घरी विचारलं तर सगळं येतं. पेपरात मात्र कोरं. कुठे चुकतंय?”

हे दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शिकण्याबद्दल जगात जो अभ्यास झाला, त्यातलं मला जे पटलं आणि ज्याचा माझ्या सतरंजीवर उपयोग झाला, तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट, दोन तास बसून मूल काय करतं ते नीट बघा. बहुतेक वेळा ते धडा वाचतं. मग पुन्हा वाचतं. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते म्हणतं, “झालं माझं!” तुम्ही लगेच विचारता, उत्तर येतं, तुमचंही समाधान होतं. पण ओळख पटणं वेगळं आणि आठवून काढणं वेगळं. गोखले रोडवर समोरून आलेला माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, असं आपलंही होतंच ना? पेपरात फक्त प्रश्न असतो. नाव मुलाला स्वतः काढायचं असतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचतच राहायचं. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचायचा आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ७१. वाचणारे पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. “घरी सगळं येतं”चा उलगडा इथेच होतो. घरी आपण पाच मिनिटांनी विचारतो, शाळा महिन्याने विचारते.

म्हणून माझ्याकडे पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाची. एका बाजूने छापलेले जुने कागद मी जमवून ठेवते. काल शाळेत विज्ञानात काय झालं ते पुस्तक मिटून, दप्तर बंद करून लिहायचं. वाक्यं नीट नसली तरी चालतात, चित्र काढलं तरी चालतं. पाच मिनिटं झाली की पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने त्याच कागदावर भरायचं. मी त्यावर गुण देत नाही, तुम्हीही देऊ नका. गुण आले की मूल शेजारच्याच्या कागदात डोकावतं. सुरुवातीला त्रास होतो, हे आधीच सांगून ठेवते. सातवीतल्या एका मुलाने पहिल्या दिवशी ‘प्रकाशसंश्लेषण’ एवढा एकच शब्द लिहिला आणि त्याचे डोळे भरून आले. घरी त्याने धडा चार वेळा वाचला होता. मी म्हटलं, “अरे, शब्द आठवला ना? आता त्याला पानाजवळ घेऊन जा. पानाला काय काय लागतं?” मग ऊन आलं, पाणी आलं, हवा आली. कर्बवायू पुस्तकातून लाल पेनाने आला. दुसऱ्या दिवशी तो न बघता आला.

खूप वर्षं मी स्वतः ‘दहा वेळा लिहून आण’ अशी शिक्षा देत होते. पाचव्या ओळीनंतर मुलाचा हात चालतो आणि डोकं खिडकीबाहेर असतं, हे मला दिसत होतं, तरी देत होते. त्या मुलांचे तास वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. बघून दहा वेळा लिहिण्यापेक्षा न बघता एकदा लिहू द्या.

काजूकतलीचा खोका

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा हिशेब मांडला. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि थोड्या थोड्या काळाने तपासायचा. विसरणं पहिल्या काही तासांतच धडाधड होतं आणि मग त्याचा वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. पाठांतर एकाच बैठकीत उरकण्यापेक्षा दिवस सोडून केलं तर कमी कष्टांत टिकतं, हेही त्यानेच दाखवलं. म्हणजे रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा सहा दिवस अर्धा अर्धा तास बरा. तास तेवढेच.

याचं घरगुती यंत्र आम्ही बनवलंय. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली कार्डांच्या खोक्याची युक्ती पुस्तकातून सांगितली, तीच ही. मिठाईचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने त्याचे तीन कप्पे करा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं करा. लग्नसराईनंतर कुणाच्याही घरी ढीग मिळतो. पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात टाकायचं आणि तो कप्पा रोज बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो दर तीन दिवसांनी. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो दर रविवारी. कुठेही चुकलं की कार्ड परत पहिल्या कप्प्यात. रोज दहा मिनिटं पुरतात.

दोन गोष्टी सांभाळा. कार्ड मुलानेच लिहायचं, तुमचं अक्षर कितीही सुंदर असलं तरी. आणि एका कार्डावर एकच प्रश्न. ‘हवेच्या प्रदूषणाची कारणे व उपाय’ असं कार्ड केलं की मूल अर्धं सांगतं, आपण अर्धं पुरवतो आणि कार्ड पुढच्या कप्प्यात जातं.

पाव किलोची गोष्ट

आठवण्याचं एवढं सांगितलं, पण न समजलेलं आठवून उपयोग नाही. पाचवीतली एक मुलगी अपूर्णांकांत सारखी अडायची. एक छेद तीन मोठा की एक छेद चार? ती ठामपणे म्हणाली, “एक छेद चार. चार मोठे ना!” नियम तिला शाळेत सांगितलेला होता, पाठही होता. मी वही बाजूला ठेवली.

“टोमॅटो किती आणतेस गं?”

“अर्धा किलो. महाग असले की पाव.”

“पाव म्हणजे किती?”

“अडीचशे ग्रॅम. काट्यावर येतं ना, दोन पाच शून्य.”

“मग एका किलोत असे पाव किती?”

तिने बोटांवर मोजलं. “चार.”

मी वहीत वर एक, खाली चार लिहिलं आणि म्हटलं, “हा बघ तुझा पाव.” ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. वर्षभर ती एक छेद चार लिहीत होती आणि त्याच वर्षभर पाव किलो टोमॅटो आणत होती. दोन्ही एकच, हे तिला कुणी भेटवलंच नव्हतं. मग विचारलं, “किलोभर टोमॅटो चौघींत वाटले आणि किलोभर तिघींत वाटले, तर जास्त कुणाच्या वाट्याला?” “तिघींच्या,” लगेच उत्तर आलं. मी पुढे काही बोलले नाही. खालून एक लोकल गेली, तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. मग तिने स्वतःच खोडरबर घेतलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे मुलाला आधीपासून काय येतं. ते शोधा आणि तिथून शिकवा. आपल्या मराठीत तर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे अपूर्णांक रोजच्या बोलण्यात आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी असे त्यांचे पाढे होते. पाऊण तास, सव्वा सात, अडीच मीटर कापड हे मुलांसमोर मुद्दाम बोला. ‘सेवन फिफ्टीन’ म्हणून सोडून देऊ नका. गणिताची अर्धी तयारी त्या शब्दांत होते.

जेरोम ब्रूनर हे आणखी एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. ते म्हणायचे की नवी कल्पना आधी हातांनी करावी, मग चित्रात बघावी, मग चिन्हांत लिहावी. आपण घाईने चिन्हापासून सुरू करतो. पोळीची चार घडी, मग वहीत गोल काढून चार भाग, मग एक छेद चार. हा क्रम सोडू नका, आणि मूल सातवीत आहे म्हणून पोळी बालिशही समजू नका.

मूल जिथे आहे तिथे जाऊन शिकवणं ही आपल्याकडचीच रीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या काढल्या. आज तो भाग पालघरात आहे, २०१४पर्यंत तो आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. ज्ञानरचनावाद हा शब्द आमच्या प्रशिक्षणांत २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आला. तोवर कोसबाडला त्याची कित्येक वर्षं झाली होती. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचं म्हणणं मला पटतं. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ ‘बाईंनी काही सांगायचंच नाही’ असा झाला, तो मला पटला नाही. रचायचं मुलाने, पण विटा कुणीतरी आणून द्याव्या लागतात.

मदत किती करायची

घोडबंदर रोडला नवीन इमारतींना बांधलेली परांची बघता ना? भिंत उभी होईपर्यंत ती लागतेच आणि गिलावा झाला की उतरवतात. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला कशी मदत केली जाते, याचा अभ्यास केला आणि त्या मदतीला परांचीचंच नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधी रशियातल्या लेव्ह विगोत्स्की यांनी सांगून ठेवलं होतं की मुलाला एकट्याला जमतं त्याच्या थोडं पुढे, पण कुणाच्या मदतीने जमेल असा एक पट्टा असतो. शिकवणं त्या पट्ट्यात व्हायला हवं. सदतीसाव्या वर्षी क्षयाने गेला तो माणूस, पण केवढं देऊन गेला!

घरी आपली परांची कायमची बांधलेली राहते. मूल गणितापाशी थांबलं की आई पेन्सिल हातात घेते. तसं करू नका. माझ्या चार पायऱ्या आहेत. आधी “गणित पुन्हा मोठ्याने वाच.” मग “काय विचारलंय, ते तुझ्या शब्दांत सांग.” मग “असंच गणित आधी कुठलं केलं होतंस?” आणि याने नाही भागलं तरच पहिली ओळ मी लिहून देते, फक्त पहिली. प्रत्येक पायरीनंतर थांबते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांत बसून मोजलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं दिसलं. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तीन सेकंद फार मोठे असतात. मनातल्या मनात मोजा, नाहीतर तुम्ही बोलून जाल.

नवीन प्रकारचं गणित असेल तर उलट करा. तिथे आधी पूर्ण सोडवलेलं गणित दाखवा, दोन-तीन दाखवा, प्रत्येक ओळीला “हे का केलं?” असं विचारा. मग शेवटची ओळ झाकून द्या. मग शेवटच्या दोन. असं करत सगळं गणित मुलाच्या हाती सोपवा. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५मध्ये बीजगणितात हे तपासलं. नवशिक्यांना सोडवलेल्या उदाहरणांनी लवकर जमू लागलं. कारण नवख्या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार कमी मावतं.

किती कमी? जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली साधारण सात गोष्टी म्हटलं होतं, नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये तो आकडा चारपर्यंत खाली आणला. मुलांना मी हे असं दाखवते : १६०४१८५३ हा आकडा फळ्यावर लिहून लगेच पुसते. कुणालाच धड आठवत नाही. मग म्हणते, सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. ठाण्याचं मूल ही तारीख कशी विसरेल? आठ अंक होते, त्यांची एकच गोष्ट झाली. आता तोच आकडा दुसऱ्या दिवशीही सांगतात.

म्हणूनच पाढ्यांना मी सोडत नाही. समजून शिकावं हे खरंच, पण सहावीतलं मूल भागाकाराच्या मध्यावर सात आठे शोधायला लागलं की भागाकाराचा धागा सुटतो. पाढा जिभेवर असला की डोक्यातली ती जागा रिकामी राहते.

लहान मुलांच्या बाबतीत मराठी संख्यानावांचं ओझं लक्षात घ्या. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतं, म्हणून ५९ लिहितं. ते मूल ढ नाही, ते नीट ऐकतंय. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ती रीत पायरी म्हणून आवडते. दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची पाच नाणी ठेवा, “वीस आणि पाच, पंचवीस” असं तोंडाने म्हणा आणि लिहा. एकोणपन्नासाला फोड सांगा : ऊन म्हणजे कमी, पन्नासाला एक कमी. एकदा हे कळलं की एकोणतीस ते एकोणनव्वद सगळी कुटुंबासारखी ओळखू येतात. पंधरा दिवसांत ‘वीस आणि पाच’ गळून पडतं आणि ‘पंचवीस’ राहतं.

गणितं मिसळा

पुस्तकात नफा-तोट्याच्या प्रकरणाखाली दहाही गणितं नफा-तोट्याचीच असतात. मूल वाचायच्या आधीच रीत लावतं आणि दहाही सोडवतं. परीक्षेत शेकडेवारी, सरळव्याज, नफा-तोटा शेजारी शेजारी येतात आणि कोणती रीत लावायची, हेच कळत नाही. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनफळाची गणितं दोन गटांना दिली. एका प्रकारची सलग सोडवणारे सरावात ८९ टक्के बरोबर होते, मिसळून सोडवणारे ६० टक्के. आठवड्याने परीक्षा झाली, सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर होते.

शनिवारी मी जुन्या प्रकरणांतली सहा गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकते. मूल चिठ्ठी उचलतं आणि सोडवण्याआधी फक्त एवढंच सांगतं, की हे कशाचं गणित आहे आणि कशावरून. कधी कधी सहातली तीनच सोडवून घेते, ओळखणं मात्र सहाही. त्या दिवशी चुका वाढतात. घाबरू नका आणि सोप्याकडे वळू नका.

चूक झाली की लगेच सांगा, एवढं मात्र पाळा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३मध्ये मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हा आपलं बरोबर की चूक हे कळायला मुलांना फार वाट बघावी लागते, हे त्यांना खटकलं. त्यातून त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवलं. तुम्ही शेजारी बसला आहात, यंत्राची गरज नाही. गणित झालं की तपासा, वही रविवारपर्यंत साचवू नका.

काही गोष्टींवर पैसे आणि वेळ घालवू नका. “माझा मुलगा व्हिज्युअल आहे, त्याला बघूनच कळतं,” असं हल्ली बरेच पालक सांगतात, चाचण्याही करून आणतात. २००८ साली पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन चाळलं. मुलाच्या अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा आधार सापडला नाही. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकावी लागते. रंगीत मार्करने पानं रंगवण्याचंही तसंच. पान छान दिसतं, एवढंच.

शाळा-क्लास करून दमलेल्या मुलाला रात्री दहानंतर बसवू नका. घरचा एक तास असा लावा : दहा मिनिटं कोरा कागद, दहा मिनिटं खोका, मग अर्धा तास नवीन काम, आणि शेवटची दहा मिनिटं आजच्या कामावरची दोन-तीन कार्डं लिहायला. कमी-जास्त झालं तर नवीन काम कापा, कोरा कागद कापू नका.

गणपतीला गावी जाताना मात्र पुस्तकं घरीच ठेवा. फक्त खोका पिशवीत टाका. आठ दिवस कार्डं बघितली नाहीत तरी हरकत नाही. परतीच्या गाडीत पनवेल आलं की तो काढा आणि तिसरा कप्पा विचारा. बरीच कार्डं पहिल्या कप्प्यात परत येतील. ठाण्यापर्यंत त्यातली निम्मी पुन्हा वर गेलेली असतील.